सफरचंदाच्या बागेतला आवळा

आत्याने त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि तिला साखरेचा आजार आहे. हे आधीच सांगून टाकते. कारण त्या दिवशी मी जे जे केलं ते याच्या विरुद्ध गेलं, आणि करताना मला वाटत होतं की मी तिच्याच बाजूनं लढते आहे.

कार्तिकातली नवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे आवळीभोजन असतं. घरी शिजवलेलं घ्यायचं, आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचं, तोवर पोटात चहासुद्धा नाही. हल्ली रायपुरातल्या मराठी बायका मंडळाच्या हॉलमध्ये कुंडीत आवळ्याची फांदी खोचतात आणि सतरंजीवर पंगत मांडतात. आईला ते चालतं. आत्याला चालत नाही. "फांदीच्या खाली कोणी बसते का? फांदीच आपल्या गुडघ्याएवढी असते," ती म्हणते.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, रेल्वेच्या ऑफिसात फाइली सांभाळत रिटायर झाली, आमच्याकडेच राहते. ऑफिसातल्या सगळ्या मराठी बाया त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकायच्या, एक जीप ठरवायच्या आणि सिलतऱ्याच्या पुढच्या एका गावात जायच्या. तिथं एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोठा आवळा होता. शेतकरी काही म्हणायचा नाही. उलट पाण्याची कळशी आणून ठेवायचा. पुढे त्या बायांपैकी कोणी नागपूरला लेकाकडे गेल्या, कोणी राहिल्याच नाहीत. आत्या मात्र जात राहिली. मधली दोन वर्षं गुडघ्याच्या ऑपरेशनात गेली आणि यंदा तिनं दिवाळीतच सांगून टाकलं, "मले त्याच झाडाखाली जेवाचं आहे. कोणी नेत नसन तर मी ऑटो करून जाईन."

ऑटोनं जाण्यासारखं ते आता राहिलं नव्हतं. त्या दोन वर्षांत शेत विकलं गेलं होतं आणि तिथं, आवळा तेवढा ठेवून, सफरचंदाची बाग झाली होती. नुसती बागही नाही. ससे, बदकांच्या आकाराच्या पायडल बोटी, दोरीवरून घसरायचा झोका, सेल्फीसाठी लाकडी चौकटी. परिवारासोबत निसर्गाच्या कुशीत एक दिवस, अशी जाहिरात होती. उन्हाळ्यात जिथं डांबर चपलेला चिकटतं त्या गावात सफरचंद. मी फोनवर ती जाहिरात पाहिली तेव्हाच माझं डोकं सटकलं होतं. बोअरचं पाणी कुणाचं, गावाची वाट कुठून गेली, सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी पूड ज्या पानांवर बसते त्याला निसर्गाची कूस कोण म्हणतं, असे प्रश्न मी आईला पोळ्या लाटताना विचारले. आई म्हणाली, "मले काय विचारून राहिली? मी लावली का बाग?"

मी एका छोट्या गटात काम करते. तळी, झाडं, धूळ, कचरा, हे आमचे विषय. पत्रकं काढायची, चौकात वाटायची, गरज पडली तर धरणं धरायचं. कॉलेजपासून हेच करते आहे. इतकी वर्षं पत्रकं लिहून माझी वाक्यं आखूड झाली आहेत, असं आईचं मत. माणसाशी बोलताना पण भिंतीवर लिहिल्यासारखं बोलते, म्हणते.

तर नवमीच्या दिवशी आईनं पहाटे उठून गोळाभात केला. सोबत कढी, पुऱ्या, भोपळ्याची भाजी, आणि गोळाभातावर ओतायला हिंग-मोहरीच्या फोडणीचं तेल एका छोट्या बाटलीत. चार पुडांचा स्टीलचा डबा भरला, जुन्या टॉवेलात बांधला. दादाची गाडी मी चालवत होते. बाजूला आई, मागे आत्या आणि दादाची सहा वर्षांची पोट्टी. ती सफरचंद तोडायला येत होती. जाहिरातीत तसं लिहिलं होतं, अपने हाथ से सेब तोड़िए. तिला आवळीभोजनात काही रस नव्हता. आत्या तिला वाटेत मराठीत आवळ्याची महती सांगत होती आणि ती हिंदीत विचारत होती, "पर वो खट्टा होता है ना?"

सिलतरा ओलांडताना आत्यानं काच वर केली आणि विचारलं, "किती वाजले?"

"साडेअकरा."

"मंग बारापर्यंत जेवू. गोळी बारा वाजताची आहे. जेवल्यावरच घ्याची आहे." एवढंच ती म्हणाली.

फाटकावर गर्दी होती, रविवार होता. तिकिटं काढून आम्ही आत जायच्या रांगेत लागलो तेव्हा मी बोर्ड वाचला. हिरव्या रंगात, दोन्ही बाजूंना लाल सफरचंदं काढलेली, मोठ्या अक्षरात:

घर का खाना घर में खाओ, बाग़ को कूड़ाघर न बनाओ।

खाली बारीक अक्षरात, बाहर का भोजन अंदर ले जाना मना है।

मी ते दोनदा वाचलं. मग आईकडे पाहिलं. आई पण वाचत होती.

"हे तुझंच न?" ती म्हणाली.

माझंच होतं. चार वर्षांपूर्वी तेलीबांध्याच्या तलावाच्या पायऱ्यांवर बसून मी ते लिहिलं होतं. लोक घरून डबे आणायचे, थर्माकोलच्या पत्रावळीत जेवायचे आणि पत्रावळी पाण्यात सोडून द्यायचे. आम्ही तेव्हा हजारानं कागद छापले, शहरातल्या बागांच्या भिंतींवर ही ओळ रंगवली. ती ओळ तिथून सुटून इथवर कशी आली ते मला माहीत नाही. कुणी फोटो काढला असेल, कुणी पेंटरला दाखवला असेल.

"घरी गठ्ठे पडले होते याचे," आई आत्याला सांगत होती. "मी फळीवर डब्यांखाली अंथरत होती."

"चांगलं लिहिलं," आत्या म्हणाली. "आता आत कसं जाचं ते सांग."

फाटकावरच्या गार्डनं टॉवेलातला डबा पाहिला आणि हात आडवा केला. वयानं मोठा, गावातलाच माणूस. "दीदी, डब्बा अंदर नइ जाय. यहाँ जमा कर दो, टोकन देता हूँ. लौटते में ले लेना."

आत्या म्हणाली, "भैया, हम तो बरसों से आते हैं यहाँ. वो आँवले के नीचे खाना है, आज नवमी है."

"हव, नवमी तो है," गार्ड म्हणाला. त्यानं मान हलवली. त्यालाही नवमी माहीत होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

आईनं ते पाहिलं. आई अशा वेळी फार पटकन समजते. तिनं पोट्टीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भैया, बच्ची का है. बाहर का इसको पचता नहीं."

गार्ड म्हणाला, "बच्चे का है तो बात अलग है," आणि त्यानं आडवा धरलेला हात खाली घेतला.

झालं असतं. त्या क्षणी आम्ही डबा घेऊन आत गेलो असतो. पण मी मधे बोलले.

"बच्ची का नहीं है," मी म्हणाले. "हम झूठ बोलकर क्यों ले जाएँ? स्टील का डब्बा है, एक दाना कचरा नहीं होगा. ये हमारा हक़ है. आप किस नियम से रोक रहे हैं, लिखा हुआ दिखाइए."

गार्डनं डोक्यावरच्या बोर्डाकडे बोट केलं.

मागचे लोक थांबून पाहायला लागले. कुणीतरी म्हणालं, हमारा भी टिफ़िन जमा करवाया, इनका क्यों जाएगा. गार्डचा चेहरा बदलला. इतक्या लोकांसमोर आता त्याला काही करता येत नव्हतं. त्यानं हात पुन्हा आडवा केला आणि म्हणाला, "मैनेजर साहब से बात कर लो, मैडम." मघाशी दीदी म्हणत होता.

आईनं माझ्याकडे पाहिलं. आत्या बोलली. "काहून बोलली तू मधात? जाऊन राहिलो होतो ना."

"चोरून कशाला जायचं? मी मॅनेजरशी बोलते, उघडपणे घेऊन येते. तुम्ही बॅटरीच्या गाडीनं पुढे जा, झाडाखाली बसा. दहा मिनिटं."

आतल्या बॅटरीच्या गाडीत दोन जागा होत्या आणि आत्याला चालवत नव्हतं. आत्या आणि आई बसल्या, पोट्टी आईच्या मांडीवर. गाडी निघताना आत्या वळून म्हणाली, "दहाच मिनिटं हं."

डबा गार्डच्या मागच्या मांडणीत गेला. माझ्या हातात पितळेचा बिल्ला आला.

मॅनेजर तरुण होता, माझ्याच वयाचा असेल. बागेचं नाव असलेला टीशर्ट, थंडगार केबिन, भिंतीला मोठी काच. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, "बोर्ड पर जो लाइन है, वो मैंने लिखी है."

तो खरंच खूश झाला. "अरे वाह मैडम. बहुत बढ़िया लाइन है. लोग फ़ोटो लेते हैं उसका. लेकिन नीचे नाम नहीं था?"

"हम लोग पर्चे पर नाम नहीं डालते."

हे आमच्या गटाचं तत्त्व आहे. काम सगळ्यांचं, म्हणून नाव कुणाचंच नाही. मी स्वतः हे नव्या पोरापोरींना शिकवते. त्या केबिनमध्ये बसून पहिल्यांदा मला वाटलं, कोपऱ्यात बारीक अक्षरात का होईना, काहीतरी असायला हवं होतं.

"कोई बात नहीं," तो म्हणाला. "आज आप आई हैं तो बोर्ड के साथ एक फ़ोटो ले लेते हैं. हमारे पेज पर डालेंगे, लिखने वाली ख़ुद आईं."

"मैं फ़ोटो के लिए नहीं आई. बोर्ड हटवाने आई हूँ."

"लेकिन मैडम, फिर आपने लिखा क्यों था?"

मी सांगितलं. तलाव सांगितला, थर्माकोल सांगितलं. ती सार्वजनिक जागा होती आणि कचरा उचलायला कुणी नव्हतं, ही तिकिटाची जागा आहे. तिथं आम्ही विनंती करत होतो, इथं तुम्ही अडवता. आणि तुमच्या आतल्या दुकानांत कागदी प्लेटा आणि प्लास्टिकचे चमचे चालतात, ते कसं. तो ऐकत होता. मला सगळ्यात जास्त राग त्याच्या ऐकण्याचा आला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ते आम्ही उचलून घेतो. मग म्हणाला, एकाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल. हेच वाक्य मी आमच्या बैठकांत किती वेळा बोलले असेन.

"आप शिकायत लिख दीजिए," तो म्हणाला, आणि त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं. "मालिक पढ़ते हैं. सच में पढ़ते हैं."

मी लिहायला बसले. मला लिहायला दिलं की मी थांबत नाही, हे माझ्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे. पहिला मुद्दा, स्टीलच्या डब्याचा. दुसरा, परंपरेचा, आवळा हे झाड बागेच्या आधीपासून इथं आहे आणि त्याच्याखाली बसण्याचा हक्क तिकिटानं विकता येत नाही. तिसरा, प्लास्टिकच्या चमच्यांचा. डोकं वर केलं तर काचेतून सफरचंदांची पहिली रांग दिसत होती. झाडं धुतलेली, पानं चकचकीत, फांदी फांदीला लाल फळं. एक बाई टोपली घेऊन त्या रांगेत उभी होती. टोपलीत सफरचंदं होती. ती एक उचलायची, नखानं त्यावरचं स्टिकर काढायची, देठाला दोरा बांधायची आणि फांदीला लटकवायची. मग पुढचं.

कार्तिकात इकडच्या सफरचंदाला फळ नसतं. फळं येतात ती उन्हाळ्याच्या शेवटी, तीही लहान. मला ते आधीच सुचायला हवं होतं.

"ये क्या है?" मी विचारलं.

मॅनेजरनं पाहिलं आणि थोडा हसला. "सीज़न नहीं है ना मैडम. बच्चे ख़ुश हो जाते हैं."

चौथा मुद्दा. बाजारातली फळं झाडाला बांधून लहान मुलांची आणि पालकांची फसवणूक केली जाते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, पहिल्या रांगेत निळ्या साडीतली कर्मचारी हे काम करताना दिसली. कुठे, कुणी, काय करताना, सगळं लिहिलं. आम्हाला तसंच शिकवलं आहे, की तक्रार मोघम नसावी.

तीन पानं झाली. सही करताना मी वेळ लिहायला फोन काढला. पाऊण तास गेला होता. फोनवर आईचे सहा कॉल होते. बैठकीत बसण्यापूर्वी फोनचा आवाज बंद करायचा, ही पण गटाची सवय.

मी डबा न घेताच धावत सुटले. सशांच्या पिंजऱ्याजवळून, बोटींच्या डबक्याजवळून, सफरचंदांच्या रांगांमधून. पहिल्या दोन रांगा धुतलेल्या होत्या, तिथंच फोटो काढतात. तिसऱ्या रांगेपासून पानांवर काळी पूड होती, बोट फिरवलं तर रेघ उमटेल एवढी. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिथं थांबून फोटो काढले असते. बाग संपते तिथं पंपाची खोली होती आणि तिच्यामागे आवळा.

झाड मोठं होतं. आत्या उलट्या ठेवलेल्या सफरचंदाच्या क्रेटवर बसली होती, दुखरा पाय समोर पसरून. तिच्याभोवती बागेत काम करणाऱ्या पाच बाया जमिनीवर बसून जेवत होत्या. आत्याच्या हातात चिला होता, तांदळाच्या पिठाचा, घडी घातलेला, आणि टमाट्याच्या चटणीत बुडवून ती तो खात होती. फार हळू नाही.

"आली का," आई म्हणाली.

आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. अर्धा तास आत्या नीट बसली होती. मग तिला घाम सुटला. हात थरथरायला लागले. आईनं पर्समधून बिस्किट काढलं, तर हिनं तोंड फिरवलं. इथपर्यंत येऊन मी बिस्किटावर उपास सोडू का, म्हणाली, डबा येऊन राहिला. आई मला फोनवर फोन लावत होती. तेवढ्यात एक वाजायच्या आधी या बाया आपापल्या पिशव्या घेऊन जेवायला आल्या. त्या रोज याच झाडाखाली जेवतात. कामावरच्या बायांच्या पिशव्या कुणी तपासत नाही. त्यांच्यातली मोठी बाई आत्यासमोर येऊन उभी राहिली, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "उपास हे का, दाई?"

आत्या म्हणाली, हो.

"आज तो नवमी ए. हमू मन इहेंच खाबो. आ, खा ले."

आम्ही पण इथंच खाणार, असं म्हणून तिनं आपल्या डब्यातला पहिला चिला आत्याच्या हातावर ठेवला.

"विचारलं पण नाही तुम्ही कोण, कुठल्या," आई म्हणाली. "तुझी आत्या तर लगेच खायला लागली. गोळी पण घेतली."

ती मोठी बाई निळ्या साडीत होती. शेजारी रिकामी टोपली पालथी ठेवली होती आणि पदराच्या टोकाला दोऱ्याचं रीळ बांधलेलं होतं.

मी तिला नमस्कार केला. तिनं मला पण चिला दिला. मी हातात घेऊन उभी राहिले. पोट्टी धावत आली, तिच्या हातात सफरचंद होतं, देठाला दोरा लोंबत होता.

"बुआ, मैंने ख़ुद तोड़ा. इसमें धागा भी है. धागा पेड़ में से निकलता है?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गिळलं. निळ्या साडीतली बाई पोट्टीकडे पाहून हसली आणि म्हणाली, "हव नोनी, ए पेड़ मा अइसनेच फरथे." हो पोरी, या झाडाला अशीच फळं येतात. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, दररोज सकाळी आठ वाजता फळतात, रविवारी जास्त. आत्या पण हसली. तिच्या कपाळावरचा घाम वाळला होता.

मी हसले नाही. मी त्या रजिस्टरचा विचार करत होते. पहिल्या रांगेत, निळ्या साडीतली.

"गोळाभात कुठं आहे?" आत्यानं विचारलं.

"फाटकावरच आहे. मिळाला नाही."

"मंग या बायायले दे तो. मी यांचं खाल्लं. माझं पोट भरलं, आता घरी नेऊन काय करू? तुझ्या आईनं पहाटे उठून केला."

"आत आणू देत नाहीत, आत्या. त्याच्यासाठीच तर मी एवढा वेळ—"

"मैं ले आहूँ," निळ्या साडीतली बाई म्हणाली आणि उठली. मी आणते. तिनं आपली कापडी पिशवी झटकली, खांद्याला लावली. "चल नोनी." हे ती मला म्हणाली.

आम्ही दोघी रांगांमधून परत चाललो. ती पुढे, मी मागे. मला तिला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. शेवटी मी विचारलं, किती दिवस झाले इथं. बाग झाली तेव्हापासून, ती म्हणाली. ज्या शेतकऱ्यानं शेत विकलं त्याच्या घरच्यांपैकी ती होती की नाही ते मी विचारलं नाही. तिनंच विचारलं, "दाई के गोड़ के आपरेसन होय हे का?" मी म्हटलं, हो, गुडघ्याचं. ती म्हणाली, तरी आली.

केबिनजवळ आल्यावर मी म्हटलं, एक मिनिट. मॅनेजर फोनवर होता. रजिस्टर टेबलावरच होतं. मी ते उघडलं आणि चौथा मुद्दा खोडला. नुसती रेघ मारली तर वाचता येतं, म्हणून अक्षर न अक्षर गिरवून काळं केलं, मागच्या पानावर पेन उमटेपर्यंत. तीन पानांत तोच एक मुद्दा पक्का होता. डब्याचं काय, प्लास्टिकचं काय, त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं. हा मी डोळ्यांनी पाहिलेला होता, आणि कुणालाही तो नाकारता आला नसता. मॅनेजरनं फोन कानाला ठेवूनच मला विचारल्यासारख्या भुवया वर केल्या. मी म्हटलं, ग़लत लिखा गया था. तो मानेनं ठीक म्हणाला.

खोटं मी लिहिलं नव्हतं. ते खोडताना मला फार राग आला आणि तो कुणावर काढावा ते समजलं नाही. त्या बाईवर निघत नव्हता. मालकापर्यंत तो आता पोचणार नव्हता.

फाटकावर गार्डला बिल्ला दिला. त्यानं डबा काढून माझ्या हातात ठेवला. मी तो बाईला दिला. तिनं गार्डच्या समोरच टॉवेल सोडला, डबा पिशवीत घातला, वरून टॉवेल टाकला.

"तोर डब्बा ए?" गार्डनं विचारलं.

"हव, मोर ए."

"गरू दिखत हे." जड दिसतो, म्हणाला.

"नवमी ए ना," ती म्हणाली आणि आत गेली. गार्डनं तिच्या पिशवीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, फार वाईट नजरेनं नाही. मग पुढच्या माणसाची पाण्याची बाटली तपासायला लागला.

मी आत गेले नाही. बाहेर गाडीजवळ थांबले. चिला अजून हातात होता, तो तिथंच उभ्यानं खाल्ला. छान होता, आणि थंड झाला होता. गाडीच्या टपावर तेवढ्या वेळात काळी पूड बसली होती.

बऱ्याच वेळानं बॅटरीच्या गाडीतून तिघी आल्या. आईच्या हातात डबा होता, धुतलेला, पंपाच्या पाण्यानं. आत्या खुशीत होती. त्या बायांना गोळाभात कसा वाटला ते ती सांगत होती. एकीनं विचारलं म्हणे, हे आमच्या तांदळाच्या वाफवलेल्या फऱ्यासारखंच आहे, पण वरून कच्चं तेल कशाला ओतता. आत्यानं सांगितलं, कच्चं नाही, फोडणीचं आहे, ओतून तर पाहा. मग सगळ्यांनी ओतलं. बाटली रिकामी आली.

"पुढच्या वर्षीचं ठरलं," गाडीत बसताना ती म्हणाली. पाय उचलायला तिला आईचा हात लागला. "त्या बायांचं मागून एक दार आहे, पंपाच्या बाजूनं. मी साडेबारा वाजता तिथं उभी राहीन. ती निळ्या साडीवाली घेऊन जाईन म्हणते. डबा तिच्या पिशवीत. तिकीट पण नाही लागत."

"म्हणजे मागच्या दारानं जायचं," मी म्हटलं. "चोरासारखं."

"चोरासारखं काहून? कामावरच्या बाया रोज जातात."

"त्या कामाला जातात, आत्या. तू जाशील ती कुणाच्या तरी मेहेरबानीनं. आज ती बाई आहे, उद्या तिला काढून टाकलं तर? मॅनेजरनं पाहिलं तर तिलाच बोलणी बसतील. यात हक्क कुठं आहे? ते झाड त्यांच्या बापाचं नाही. मी अर्ज करणार आहे. नवमीच्या दिवशी सगळ्यांना आपलं जेवण घेऊन मोकळं जाता आलं पाहिजे, पुढच्या दारानं. गावच्या लोकांना पण."

"कर ना," आत्या म्हणाली. "अर्ज कर. काहून नाही म्हणते मी?"

"मग मागच्या दाराचं कशाला ठरवलं?"

"तुझा अर्ज मंजूर होईपर्यंत मी काय उपाशी राहू?"

आई समोर बघत होती. पोट्टी सफरचंदाचा दोरा सोडवून बोटाला गुंडाळत होती. मी गाडी सुरू केली. मला म्हणायचं होतं की असंच करून करून सगळं जातं, प्रत्येक जण आपापल्यापुरतं मागचं दार शोधतो आणि पुढचं फाटक तसंच राहतं. हे मी चांगलं लिहू शकते, कितीदा लिहिलं आहे. पण मागे बसलेली बाई जेवलेली होती, तिची साखर जागेवर होती, आणि हे माझ्यामुळे झालं नव्हतं. मी वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यात सोडलं.

मुख्य रस्त्याला लागल्यावर आत्या म्हणाली, "तू पण ये पुढच्या वर्षी. गाडी कोण चालवणार?"

"आणि मी कुठं बसू? मागच्या दाराबाहेर?"

"गाडीतच बस. फक्त मी जेवून येईपर्यंत कोणाशी बोलू नको."